दगड, पावती आणि परवाना

पहाटे साडेपाचच्या सुमाराला परभणीच्या गुजरी बाजाराच्या बाजूनं फिरायला निघालं, की रस्त्याच्या कडेला माणसं नसतात, दगड असतात. कुठं एखादा धोंडा, कुठं फरशीचा तुकडा, कुठं जुनं सिमेंट चिकटलेल्या दोन विटा. नवख्याला वाटावं, कुणाचं तरी बांधकाम उरकल्यावर राहिलेला राडारोडा आहे. पण यातला एकही दगड बेवारस नाही. इथं मेथीवाली बसते, तिथं लिंबू-मिरचीवाला, त्याच्या पलीकडं बांगड्यांची पाटी. दगड हलवणाऱ्याला बाजारात कुणी भला माणूस म्हणत नाही.

अशाच एका दगडामागं बसणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, "परवाना आहे का हो तुमच्याकडं?"

मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि रबर लावलेली एक गड्डी माझ्या हातात ठेवली. गुलाबी, पिवळ्या, काही घामानं इतक्या मऊ झालेल्या की घडी उलगडताना फाटाव्यात. "हे काय. रोज फाडायलेत की. फुकट कुणी बसू दिलं का आजवर?"

त्या गड्डीत शे-दीडशे पावत्या होत्या. परवाना एकही नव्हता. आणि यात मावशींची काही चूक नाही. शिकलेली माणसंही हीच गल्लत करतात. सरकारनं पैसे घेतले, शिक्क्याचा कागद दिला, म्हणजे परवानगी मिळाली, असा आपला साधा हिशेब असतो. रस्त्यावरच्या धंद्यात तो हिशेब चुकतो.

मराठवाड्यात या वसुलीला तहबाजारी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्द सांगावा लागतो. परभणी-नांदेडात सांगावा लागत नाही. 'तह' म्हणजे फारसीत तळ. बाजाराच्या तळाचं, म्हणजे बूड टेकायच्या जमिनीचं भाडं, ती तहबाजारी. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि १९५६मध्ये मुंबई राज्यात येईपर्यंत हैदराबाद राज्यात. राज्यं बदलली, शब्द राहिले. वसुलीचा हक्क लिलावानं ठेकेदाराला द्यायचा, ही रीतही मराठवाड्यातल्या गावोगावच्या बाजारांत जुनीच. त्या लिलावाला आपल्याकडं अजून हर्राशी म्हणतात. ज्याची बोली वर गेली तो ठेकेदार, आणि त्याची माणसं पावतीबुक घेऊन सकाळपासून बाजार फिरणार.

तहबाजारीची पावती सांगते ते एवढंच, की अमुक तारखेला अमुक जागेच्या वापरापोटी इतके रुपये मिळाले. उद्या बसायचा हक्क तिच्यात नसतो. मुंबईत १९८०च्या दशकात महापालिकेनं फेरीवाल्यांकडून रोजची 'पावती' घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या रकमेला नाव दिलं होतं अनधिकृत जागावापर आणि कचरा उचलण्याचं शुल्क. म्हणजे पैसे भरणाऱ्याच्याच हातात 'तू अनधिकृत आहेस' असा कागद. इतका प्रामाणिकपणा सरकारी कागदात क्वचित सापडतो.

आणि तरीही पावत्या जपून ठेवणाऱ्या मावशी शहाण्या आहेत. पावतीनं हक्क मिळत नाही, पण पुरावा मिळतो. 'मी इथं बसत होते' हे सांगायला गरिबाकडं दुसरं असतं काय? गाड्याचा सातबारा निघत नाही.

हा तहबाजारी शब्द १९८९मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गाजला. दिल्लीच्या जनपथ लेनमध्ये विजेच्या एका खांबाजवळ तयार कपडे विकणारा सोदानसिंग हा अर्जदार. त्याचं म्हणणं असं, की नवी दिल्ली नगरपालिका आपल्याला तहबाजारीवर बसू देत होती आणि आता उठवते आहे. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं, की फुटपाथवर धंदा करणं हा संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात येणारा व्यवसायाचा हक्कच आहे. 'रस्ता फक्त जाण्या-येण्यासाठी' म्हणून तो सरसकट नाकारता येणार नाही. पण त्याच निकालात पुढं असंही म्हटलं, की अमुकच एका जागेवर कायम बसण्याचा मूलभूत हक्क मात्र कुणाला नाही.

धंदा कर, पण कुठं ते विचारू नकोस, असंच ते झालं. मेथीच्या जुडीला दुकानाची पाटी नसते. गिऱ्हाईक जागा ओळखतं, माणूस नंतर. गांधी पार्कच्या कोपऱ्यावरचा गाडा दोनशे पावलं आत गल्लीत नेला, तर कागदावर धंदा चालू राहील आणि गल्ला बंद पडेल. म्हणून रस्त्यावरच्या विक्रेत्याला परवानगी हवी म्हणजे जागेची हवी. बाकीची परवानगी त्यानं स्वतःच घेतलेली असते, ज्या दिवशी गावाकडचं शेत भागेना त्या दिवशी. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण लोक थट्टेनं म्हणतात. पण जिंतूर-पालमकडून येऊन भाड्याचा गाडा ढकलणाऱ्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. एवढ्या कमी भांडवलात उभा राहणारा दुसरा धंदा शहरात नाही.

सोदानसिंगच्या निकालाआधी चार वर्षं, १९८५मध्ये, मुंबईच्या फेरीवाल्यांच्या संघटनेच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र अशी विभागणी करायला सांगितलं होतं. माणशी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा हे माप त्याच खटल्यातलं. शाळा आणि देवस्थानांपासून शंभर मीटर लांब राहायचं, हेही तेव्हापासूनचं. आता एक मीटर बाय एक मीटर म्हणजे किती, ते घरी फरशीवर खडूनं आखून पाहा आणि मध्ये भाजीची पाटी, तागडी आणि स्वतःला बसवा. देवस्थानाच्या अंतराची अटही पुढं सैल करावी लागली: फुलं, नारळ, उदबत्ती असं देवाला वाहायचं सामान विकणाऱ्यांना मुभा मिळाली. न मिळून सांगणार कुणाला? परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. दर्ग्यापासून शंभर मीटर लांब फुलांची चादर विकायची म्हटलं, तर उरूस भरणार कसा!

या सगळ्या खटल्यांतून, २००४ आणि २००९च्या राष्ट्रीय धोरणांतून, संघटनांच्या रेट्यातून अखेर कायदा झाला. पथविक्रेता (उपजीविकेचे संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. तो १ मे २०१४ला अमलात आला. तो दिवस आपल्याकडं महाराष्ट्र दिनही आणि कामगार दिनही. योगायोग म्हणून सोडून देऊ. महाराष्ट्रानं त्याखालचे नियम २०१६मध्ये केले.

या कायद्याची खरी करामत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. इतर कुठलाही परवाना घ्या: आधी अर्ज, मग छाननी, मग परवानगी, मग धंदा. इथं क्रम उलटा आहे. धंदा आधीच चालू आहे हे कायदा गृहीत धरतो. नगरपालिकेनं किंवा महापालिकेनं रस्त्यावर उतरून जे आहेत त्यांची गणना करायची, दर पाच वर्षांतून किमान एकदा. गणनेत सापडलेल्या, वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र द्यायचं. आणि गणना पुरी होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. हे शेवटचं वाक्य कलम ३मध्ये आहे आणि माझ्या मते सबंध कायद्यात त्याच्याइतकं मोलाचं वाक्य नाही. मावशींचा दगड कायद्याला दिसला तो इथं.

पण गणना करणार कोण? ज्या कार्यालयात अतिक्रमण हटाव पथकाची गाडी उभी असते, तेच कार्यालय. या कायद्याची सगळी रड या एका ठिकाणी आहे.

गणनेला किती माणसं बसतील याचंही गणित आहे. शहराच्या, प्रभागाच्या किंवा क्षेत्राच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, असं प्रमाण कायद्यानं धरलं आहे. परभणी शहराची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ३ लाख ७ हजार. त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. अडीच टक्के काढले तर साडेसात हजारांवर आकडा जातो. साडेसात हजार पाट्या, गाडे, टोपल्या, सायकली. शिवाजी चौकात सणाच्या संध्याकाळी अडकलेल्या माणसाला वाटतं, ते सगळे आत्ता इथंच आहेत. खरं म्हणजे ते वसमत रोड, जिंतूर रोड, स्टेशन रोड, नानलपेठ आणि कितीतरी वस्त्यांच्या तोंडाशी विखुरलेले असतात. एखाद्या क्षेत्रात क्षमतेपेक्षा जास्त माणसं निघाली, तर सोडत काढायची आणि उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात जागा द्यायची, असं कायदा म्हणतो. सोडतीत नाव न निघणं म्हणजे धंदा जाणं नव्हे, जागा सरकणं. दोनशे पावलांचा प्रश्न मात्र पुन्हा तिथंच येतो.

प्रत्यक्षात होतं ते असं. गणनेला आलेला माणूस मोबाईलवर तुमचा तुमच्या मालासह, जागेवरच फोटो काढतो. आधार कार्ड लागतं, फोन नंबर लागतो, तोही आधारला जोडलेला. धंद्याचा प्रकार विचारतात: एका जागी बसणारे, फिरते, की आणखी कुठले. तुम्ही त्या दिवशी लग्नाला गेला असाल, आजारी असाल, किंवा पथकाला पाहून 'गाडी आली' समजून पाटी उचलून पळाला असाल, तर त्या फेरीपुरते तुम्ही नाहीच. ही शेवटची गोष्ट विनोद नव्हे. वर्षानुवर्षं ज्यांना पाहून पळायचं, त्यांच्यासमोर एक दिवस फोटोला उभं राहायचं, हे पायांना पटकन कळत नाही. अर्थात चुकलेल्याला दोन गणनांच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो, आणि तो करावा.

प्रमाणपत्र घेताना लिहून द्यावं लागतं, की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करेल, मला पोटापाण्याचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला देणार नाही, भाड्यानं लावणार नाही. ही अट चांगली आहे. एका माणसानं बारा गाडे लावायचे आणि बारा पोरांना रोजावर उभं करायचं, हा प्रकार तिनं अडतो. निदान अडायला हवा. विक्रेता वारला किंवा कायमचा अधू झाला, तर मुदत संपेपर्यंत जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला त्याच प्रमाणपत्रावर बसता येतं. जागेवर मालकी मात्र मिळत नाही. पंचवीस वर्षं बसलात तरी नाही.

क्षेत्रं ठरवणं, गणनेवर लक्ष ठेवणं हे काम नगर पथविक्रेता समितीचं. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी. पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांतून निवडून दिलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. मेथीवालीला मत आहे, ती उभीही राहू शकते. कागदावर हे फार देखणं आहे. मुंबईसारख्या शहरात या समितीचं मतदान व्हायला २०२४चा ऑगस्ट उजाडला, कायद्यानंतर दहा वर्षं. तिथं २०१४च्या गणनेत ९९ हजारांवर अर्ज आले आणि पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. अधिवास प्रमाणपत्रासारख्या कागदांवर बरेच अडले. रस्त्यावरच्या माणसाकडं रस्त्याबाहेरचे कागद मागितले, की असंच होतं.

आता ज्याची भीती सगळ्यात जास्त, ती जप्ती. शहराचं नाव सांगत नाही, पण मी एका बाजारात पाहिलेलं दृश्य असं: गाडी थांबली, चौघं उतरले, कोथिंबिरीचं गोणपाट चारी टोकांनी उचललं आणि आत टाकलं. तागडी वेगळी, छत्री वेगळी. बाई मागं धावली नाही, तिनं शेजारणीला फक्त एवढंच सांगितलं, "बघ गं, वजनं राहिली." कुणी यादी केली नाही.

कायदा इथं बारकाईनं बोलतो. उठवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल उचलला तर तिथंच यादी करायची, सही करून प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत, टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत. शुल्क भरावं लागतं, पण मालाच्या नुकसानीचा विचार करून ते ठरवायचं. म्हणून अशा वेळी आरडाओरडा करण्यापेक्षा एकच मागणी लावून धरावी: यादी द्या. यादी नसेल तर संध्याकाळी काय परत मिळायचं होतं, हे सांगणार कोण? तक्रारीसाठी माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती असावी, असंही कायद्यात आहे. आणि विक्रेत्यानं अटी मोडल्या, तर दंड जास्तीत जास्त दोन हजार. मावशींच्या धंद्यात ही रक्कम लहान नाही.

पोलिसांकडं वेगळं हत्यार असतं, १९५१च्या पोलीस कायद्यातलं रहदारीला अडथळा केल्याचं कलम. २०१४चा कायदा सांगतो, की प्रमाणपत्रातल्या अटींप्रमाणे बसलेल्याला पोलिसांनी किंवा दुसऱ्या कुणी अडवू नये. पण प्रमाणपत्रच नसेल, तर हे सांगायला तोंड राहत नाही. कलम ३ दाखवता येतं खरं. पण चौकात उभं राहून कलम वाचून दाखवणारा गाडेवाला मी तरी पाहिलेला नाही.

काही ठिकाणी हा कायदा येतच नाही. परभणी स्थानकाच्या फलाटावर चहा-भजी विकायची तर रेल्वेची परवानगी लागते. रेल्वेची हद्द कायद्यातून वगळली आहे. खेड्यातला आठवडी बाजारही बाहेर, कारण कायदा शहरांपुरता. तिथं ग्रामपंचायत मालक, तिचीच पावती, तिचीच हर्राशी. शेतकऱ्यानं स्वतःची भाजी थेट विकण्यावरचा बाजार समितीचा अडसर २०१६मध्ये राज्यानं काढला. पण शेतकरी असलात म्हणून शहरातल्या रस्त्याची जागा आपोआप मिळत नाही.

खाण्याच्या गाड्याला अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी, आणि तराजूला वैधमापन खात्याचा छाप वेगळा. लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यायचा. वजन उलटं करून पाहा: पोटातल्या खळग्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर छाप उठवलेला असतो. बाजारात सरकारचा इतका स्पष्ट शिक्का दुसऱ्या कशावर नसतो. माल तोलायचं वजन अधिकृत, आणि तोलणारी अनधिकृत, अशी गंमत कितीतरी पाट्यांवर चालते.

२०२०च्या टाळेबंदीनं एक उलटापालट केली. त्या जूनमध्ये केंद्रानं स्वनिधी योजना काढली: पथविक्रेत्याला तारण न घेता आधी १० हजारांचं कर्ज, ते फेडलं की २० हजार, मग ५० हजार. पुढं २०२५मध्ये पहिले दोन हप्ते १५ आणि २५ हजार झाले. कर्जाला ओळख हवी. ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही, गणनेतही नाव नाही, त्याला पालिकेचं शिफारस पत्र लागायचं: हा इथं विक्री करतो. कालपर्यंत 'इथं कुणी नाहीच, फक्त अतिक्रमण आहे' म्हणणाऱ्या कार्यालयांना हे वाक्य स्वतःच्या कागदावर लिहावं लागलं. आणि ते पत्र मिळवायला पुरावा म्हणून काय काय चाललं? इतर कागदांबरोबर, जुन्या पावत्या. मावशींची गड्डी तेव्हा कामाला आली.

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पथविक्रीच्या योजनेविषयी लिहिताना वेळ वाटून घेण्याची एक पद्धत सुचवली आहे: एकच जागा सकाळी एकाला, संध्याकाळी दुसऱ्याला. वाचताना ती नवी कल्पना वाटते. मावशी अकरा-साडेअकराला उठतात. ऊन चढलं की मेथी मान टाकते. त्यांच्या जागेवर दुपारनंतर पाणीपुरीचा गाडा लागतो. कुणी ठरवलं, कधी ठरलं, दोघांनाही आता आठवत नाही. तो पोरगा त्यांना मौशी म्हणतो आणि पुदिना त्यांच्याकडूनच घेतो. रात्री साडेदहाला गाडा हलवायच्या आधी तो बादलीभर पाणी टाकून जागा धुतो, मडक्याखालची राख पायानं सारतो, आणि मग वाकून दिवसभर चाकाला लावलेला तो दगड उचलून पुन्हा होता तिथं ठेवतो.